खाऱ्या पाण्याच्या टँकमधला फेदर डस्टर: खाणं, उन्हाळा आणि पाणी (खान्देशातल्या टँकवाल्यांसाठी)

तापीकाठ

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, भुसावळकडे मरीन टँक ठेवणारे आता बरेच झालेत. मुंबईहून पार्सल मागवलं की क्लाऊन मासे आणि झिंग्यांसोबत एखादा फेदर डस्टर घ्यायचा मोह होतोच. देताना सांगतात, ‘याला वेगळं काही घालू नका, पाण्यातलंच खातो.’ पाण्यातलं खातो हे खरं. पण आपल्या टँकच्या पाण्यात त्याच्या जोगतं काही असतं का, हे कोणी बघत नाही. घरच्या टँकमधले बहुतेक डस्टर उपाशी मरतात. हे मरण तीन-चार महिने चालतं, त्यामुळे दोष उन्हाळ्यावर जातो किंवा मिठावर. म्हणून हा धागा काढतोय.

आधी प्राणी समजून घेऊ. हा वलयांच्या अंगाचा, गांडुळाच्या नात्यातला किडा. स्वतः बांधलेल्या नळीत राहतो आणि फक्त पिसारा बाहेर काढतो. आपल्याकडे येतात त्यांची दोन घराणी आहेत. सॅबेलिडची नळी मऊ, चामड्यासारखी असते, अंगातला चिकट स्राव आणि गाळाचे कण मिसळून केलेली. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मोठा सॅबेलास्टार्टे याच घराण्यातला. सर्पुलिडची नळी चुन्याची, कडक. लाल पिसाऱ्याचा प्रोट्युला, ज्याला दुकानात कोको वर्म म्हणतात, तो या घराण्यातला. फरक कामाचा आहे. सॅबेलिड नळी सोडून बाहेर आला तरी नवी बांधू शकतो, सर्पुलिड बाहेर पडला की सहसा वाचत नाही. शिवाय सर्पुलिडला नळी वाढवायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यात विरघळलेले कार्बोनेट) सतत लागते. पहिल्यांदा घेत असाल तर सॅबेलास्टार्टेच घ्या.

पिसारा हे त्याचं गाळणं आहे आणि कल्लेसुद्धा तेच. प्रत्येक पिसावर बारीक केस असतात, ते हलून पाणी पिसाऱ्यातून ओढतात. अडकलेले कण खोबणीतून खाली सरकतात आणि वाटेतच आकारानुसार वेगळे होतात. सगळ्यात बारीक तोंडात, मधले नळी बांधायला, मोठे बाहेर. बारीक म्हणजे काही मायक्रॉनचे. माशांना घालतो ते पेलेट, फ्लेक त्याच्या दृष्टीनं दगडधोंडे. आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लंसुद्धा ४०० ते ५०० मायक्रॉनची असतात, तीही त्याच्या कामाची नाहीत.

टँक किमान ६ महिने चाललेला हवा. नायट्रोजनचं चक्र ४ ते ६ आठवड्यांत बसतं, पण त्यानंतरच्या महिन्यांत रेतीत आणि दगडावर जे सूक्ष्म जीव, शेवाळ, बारीक कचरा साठतो तो त्याचा रोजचा शिधा. चकचकीत नव्या टँकमध्ये तो शिधा नसतो.

पाण्याचे आकडे: तापमान २४ ते २६ अंश, क्षारता १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच (तिचं माप), कॅल्शियम ४०० ते ४५० (हे आणि पुढचे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये), मॅग्नेशियम १२५० ते १३५०. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट ५ ते १५ चालतं, ते शून्यावर आणायच्या मागे लागू नका. तांबं अजिबात नको.

जागा देताना नळीचा खालचा एक तृतीयांश भाग रेतीत खोचा किंवा दोन दगडांच्या फटीत सैल बसवा. दाबून नाही, नळी चेपली की किडा आतच अडकतो. पाण्याचा प्रवाह मध्यम, आडवा, एकाच जागी न आदळणारा. पिसारा एका बाजूला वाकून राहिला तर प्रवाह जास्त आहे. पिसांवर गाळ बसून राहिला तर कमी.

खाण्याबद्दल अनेरताईंनी लिहावं, हिरवं पाणी, म्हणजे डस्टरला घालायचं सूक्ष्म शेवाळ, त्या करतात.

भुसावळ_जंक्शन

हाई माहिती भलती कामनी शे, भाऊ. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा टँक आहे, ८ महिने चाललेला. दोन क्लाऊन, एक सिक्सलाइन रॅस मासा, एक क्लीनर झिंगा. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०३. पण एप्रिलमध्ये संध्याकाळी पाणी ३१ वर जातं. यात डस्टर जगेल का? चिलर घ्यावाच लागेल का?

पांझरा

भुसावळकर, माशांचं आधी. सिक्सलाइन दिवसभर दगडं टोचत फिरतो आणि पिसाऱ्यालाही टोचतो. एकदा टोच बसली की डस्टर आत जातो, पुन्हा बाहेर आला की परत टोच. खाणं बंद. तो रॅस कोणाला तरी देऊन टाका. बटरफ्लाय, मोठे एंजल, पफर, ट्रिगर, अ‍ॅरो क्रॅब, कोरल बँडेड झिंगा हे सगळे नकोत. क्लाऊन, गोबी, ब्लेनी, क्लीनर झिंगा चालतात. क्लीनर मात्र खाणं हिसकायला पिसाऱ्यावर चढतो, म्हणून आधी त्याला पेलेट द्यायचं, मग डस्टरचं खाणं सोडायचं.

आता ३१ अंश. मासे ते ओढून नेतात, डस्टर नाही. २५ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरला मावतो, ३० अंशाला सव्वासहाच्या आसपास. म्हणजे श्वास घ्यायला कमी, आणि गरम पाण्यात अंगाचा खर्च वाढलेला, त्यामुळे खाणं जास्त लागणार. आधीच अर्धपोटी असलेला किडा मे महिन्यात जातो त्याचं कारण हे. खरं मारलं उपासानं, उन्हाळ्यानं फक्त निकाल लावला.

चिलरच्या आधी करायची कामं बरीच आहेत. टँक पश्चिमेच्या भिंतीला नको, आणि वर थेट स्लॅब असलेल्या खोलीत तर नकोच. आपल्याकडचा स्लॅब रात्री ११ पर्यंत तापलेला असतो. तळमजल्याची, उत्तरेची खोली घ्या. वरची काचेची झाकणं काढा, जाळी लावा. मग पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके दोन १२ सेंटिमीटरचे कॉम्प्युटर फॅन, तापमान कंट्रोलरला जोडून. २६ ला चालू, २५.५ ला बंद.

चैत्र-वैशाखात आपली हवा इतकी कोरडी असते की पंख्यानं पाणी २ ते ४ अंश सहज उतरतं. कोकणातल्या माणसाला हे जमत नाही, आपल्याला जमतं. पण जुलै-ऑगस्टला हवा दमट झाली की तोच पंखा काही करत नाही, त्या दिवसांत खोलीच थंड ठेवावी लागते. खोलीत कूलर लावला तर हवा ओलावते आणि फॅनचा परिणाम थोडा घटतो, तरी एकूण फायदाच होतो.

पंख्याची दुसरी बाजू बाष्पीभवन. १०० लिटरमधून ५ लिटर उडालं की क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) वरून जवळपास ३७ वर जाते, कारण मीठ उडत नाही. भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. मे महिन्यात दिवसातून एकदा पाच लिटर ओतण्यापेक्षा फ्लोट लावलेला ऑटो टॉप-अप बसवा. डस्टरला आकडा थोडा इकडेतिकडे झालेला चालतो, रोजची उडी चालत नाही.

चिलर घ्यायचाच तर तुमच्या टँकला एक दशांश एचपीचा पुरतो. तो गरम हवा बाहेर टाकतो, म्हणून कपाटात कोंडू नका. ४५ अंशाच्या खोलीत चिलरचाही दम जातो, म्हणून खोली आधी.

वीज गेल्यावर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. १ लिटरची एक बाटली १०० लिटर पाणी साधारण १ अंशानं खाली आणते. एका तासात एकच बाटली, बूच घट्ट लावून. सुटा बर्फ टाकू नका, क्षारता पडते.

अनेर

तापीकाठदादा, लिहिते. प्रश्न बहुतेक खाण्याचेच येतात, म्हणून थोडं सविस्तर.

बाजारात बाटलीबंद फायटो, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, मिळतं. फ्रीजमधून आलेलं, हिरवंगार, समुद्रासारखा वास असलेलं असेल तर ठीक. आपल्याकडे ते मे महिन्यात कुरियरनं येतं, तीन दिवस तापतं, आणि हातात पडतं तेव्हा पेशी मेलेल्या असतात. मेलेलं फायटो ओतणं म्हणजे टँकमध्ये नायट्रेट ओतणं. वास सडक्या भाजीचा आला तर वापरू नका. म्हणून घरीच करा.

लागतं ते एवढंच: २ लिटरच्या पारदर्शक पेट बाटल्या दोन, लहान एअर पंप, कडक प्लास्टिकची हवेची नळी, १० ते १५ वॉटचा पांढरा एलईडी, एफ बाय टू नावाचं खत, आणि नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शेवाळाचं बियाणं. सोबत टेट्रासेल्मिस हे दुसरं शेवाळ मिळालं तर ते वेगळ्या बाटलीत. नॅनो २ ते ५ मायक्रॉनचं, टेट्रासेल्मिस १० च्या आसपास. दोन्ही मिसळून दिलं तर वेगवेगळ्या आकाराचे कण मिळतात, आणि नॅनोची पेशीभिंत जाड असल्यामुळे फक्त त्यावर भिस्त ठेवू नये.

शुद्ध पाण्यात मरीन मीठ घालून क्षारता १.०२० करा. उकळी न फुटू देता ८० अंशापर्यंत तापवून झाकून गार करा. बाटली, नळी ब्लीचच्या पाण्यानं धुऊन चांगली खळाळा आणि उन्हात कोरडी करा. बाटलीत सव्वा लिटर पाणी, त्यात ३०० मिली बियाणं, खत त्याच्या लेबलवर दिलेल्या मापानं, बहुतेक द्रावणांत लिटरला १ मिली. वर तीन-चार बोटं जागा मोकळी. हवेची नळी तळापर्यंत, टोकाला एअर स्टोन नाही. स्टोनचे बारीक बुडबुडे फेस करतात आणि पेशी त्या फेसासोबत काचेला चिकटून वाळतात. मोठे बुडबुडे, सेकंदाला एक-दोन, फक्त पाणी फिरतं राहावं एवढ्यासाठी. नळीच्या वाटेत कापसाचा बोळा ठेवा, धूळ अडते. दिवा १५ सेंटिमीटरवर, दिवसाला १६ तास.

सात-आठ दिवसांत रंग गडद होतो. बाटलीमागे बोट धरलं आणि दिसेनासं झालं की तयार. अर्धं काढून घ्या, उरलेल्यात पुन्हा मिठाचं पाणी आणि खत. काढलेलं फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात २ ते ३ आठवडे टिकतं. रोज एकदा हलवायचं, तळाला बसलेलं दोन दिवसांत कुजायला लागतं.

बिघडतं कधी? पिवळट पडलं, तळाला गोळे जमले, वास बदलला की बाटली ओतून द्यायची आणि दुसऱ्या बाटलीतून नवं लावायचं. म्हणून बाटल्या दोन, आणि दोघींचे दिवस वेगळे. सकाळी हिरवं आणि दोन दिवसांनी पाणी स्वच्छ असं झालं तर आत रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी शिरलेत, ते सगळं खाऊन टाकतात. टँकमध्ये घातलेला हात, चमचा, सिरिंज कल्चरला लावू नका, ते तिथूनच येतात. उन्हाळ्यात बाटल्या टँकच्याच खोलीत, थंड कोपऱ्यात ठेवा. ३० च्या वर गेलं की वाढ मंदावते.

आता किती द्यायचं. १०० लिटरला २० मिली, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी रोज २०, मग हळूहळू ५० पर्यंत. दर आठवड्याला नायट्रेट, फॉस्फेट मोजा. खताचं पाणीही टँकमध्ये जातं म्हणून काही जण घाबरतात. हिशेब बघा: ताज्या एफ बाय टू पाण्यात नायट्रेट लिटरला सुमारे ५५ मिलिग्रॅम. त्यातलं ५० मिली १०० लिटरमध्ये गेलं तर वाढ ०.०३ सुद्धा नाही, आणि त्यातलं बरंचसं फायटोनं आधीच खाल्लेलं असतं. भीती खताची नाही, मेलेल्या फायटोची आहे.

संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर द्या. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही दिवा दीड-दोन तास बंद, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) चालू. स्किमर तसाच चालू ठेवला तर दिलेलं खाणं डस्टरच्या आधी तो काढून टाकतो. सिरिंजनं द्यायचं असेल तर पिसाऱ्यापासून १०-१५ सेंटिमीटर प्रवाहाच्या वरच्या अंगाला ढगासारखं सोडा. पिसाऱ्यावर मारू नका, तो आत जातो आणि घास वाया.

खातोय हे कसं कळतं? भिंग घेऊन बघा. पिसांच्या टोकांकडून बारीक, चिकट दोरे सुटून वाहून जातात, तो टाकलेला भाग. आणि नळीच्या तोंडाशी जुन्या तपकिरी कडेवर फिक्या रंगाचं, ओलसर, मऊ कडं चढलेलं दिसतं. ती नवी बांधणी. असं कडं दर काही आठवड्यांनी दिसत असेल तर खाणं पुरतंय. ते दिसत नाही आणि पिसाऱ्याचा घेर महिन्यामहिन्याला कमी होतोय, तर उपास चाललाय, पिसारा कितीही छान उघडो. महिन्यातून एकदा त्याच अंतरावरून, पट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा. डोळ्याला घेर कमी झालेला कळत नाही, फोटोत कळतो.

यीस्ट, दूध, कुठलंही पीठ घालू नका. पाणी पांढरं होतं, जिवाणू वाढतात, ऑक्सिजन खातात.

रावेर_केळीपट्टा

अनेरताई, एफ बाय टू इकडं मिळत नाही. शेतीच्या दुकानात १९:१९:१९ आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली मिळते, ती चालेल का? दुसरं, घरात विहिरीचं पाणी आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०० च्या पुढं. स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरलं तर?

अनेर

दादा, सूक्ष्म अन्नद्रव्यं अजिबात नकोत. त्यात जस्त, मँगनीजसोबत तांबंही असतं. एफ बाय टूमध्येही तांबं आहे, पण नगण्य. पिकाच्या फवारणीचं द्रावण त्या मापाचं नसतं. १९:१९:१९ मधला नत्र बराचसा युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, टँकमध्ये जाणाऱ्या कल्चरला तोही नको. एफ बाय टू ऑनलाइन मिळतं आणि एक बाटली खूप दिवस पुरते.

तापीकाठ

पाण्याचं मी सांगतो, कारण खान्देशात अर्धी लढाई तिथेच आहे.

घरगुती आरओ ७०० चं ५०-६० वर आणतो. पिण्याला उत्तम, टँकला अपुरं. त्या ५०-६० मध्ये नायट्रेट आणि सिलिका असतात, आणि पंख्यामुळे रोज भर घालायची म्हणजे ते साठत जातात. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो. मिनरल कार्ट्रिज असेल तर ते वेगळंच. म्हणून आरओच्या मेंब्रेननंतर, टाकीच्या आधी पाणी वेगळं घ्या आणि त्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) एक डबा जोडा. बाहेर येणारं पाणी शून्य दाखवायला हवं. २-३ दाखवायला लागलं की रेझिन बदला. ७०० चं पाणी असेल तर मेंब्रेन लवकर जातो, त्याच्या आधीच्या फिल्टरवर लक्ष ठेवा. पितळी नळ, पितळी जोड शुद्ध पाण्याच्या वाटेत नकोत. शुद्ध पाणी धातू जास्त ओढतं आणि पितळात तांबं असतंच.

तांब्याचं अजून एक. कपाशीवर, लिंबूवर्गीय झाडांवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी होते. फवारणी करून आलेला हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन, खळाळूनही त्या दिवशी टँकमध्ये घालू नका. फवारणीची बादली, मग कितीही घासलेली असो, मीठ मिसळायला घेऊ नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचं तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये कधीही नाही. ते दगडात, रेतीत मुरतं आणि पुढे महिनोन्‌महिने सुटत राहतं.

मीठ मरीन मिक्सच, स्वयंपाकाचं नाही. २० लिटरला साधारण ७०० ते ७६० ग्रॅम, पाकिटागणिक फरक पडतो. बादलीत लहान पंप सोडून रात्रभर फिरू द्या, मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्या, साध्या पाण्यावर शून्य लावलं तरी वरचा आकडा चुकू शकतो.

आणि तापीची रेती नको. आपल्या भागातली रेती काळ्या दगडाची. चुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटतात. तेच कण पंपाच्या चुंबकाला जाऊन बसतात आणि इम्पेलर घासतात. अ‍ॅरागोनाइट (चुन्याची) रेती १ ते २ मिलिमीटरची घ्या, तळाला ४-५ सेंटिमीटर. रेती नसलेल्या टँकमध्ये सॅबेलिडला नळी बांधायला कणही कमी मिळतात.

भुसावळ_जंक्शन

रॅस द्यायची सोय झाली, फॅनही मागवतो. आता डस्टर मुंबईहून मागवताना काय सांगायचं? आणि आल्यावर थेंबथेंब पद्धतीनं दोन तास ठेवायचं ना?

पांझरा

दुकानात निवडायचा असेल तर काचेवरून हात सरकवा. सावली पडली की पिसारा झटक्यात आत गेला पाहिजे. हळू, अर्धवट जाणारा घेऊ नका. नळी भरलेली, ताठ हवी. खालचं टोक उसवलेलं असेल तर फार काळजी नाही, तो ते बंद करतो, पण मधे चीर असलेली नळी नको. एका पिशवीत एकच डस्टर, नळी पूर्ण पाण्यात, वर ऑक्सिजन, थर्माकोलचा डबा. उन्हाळ्यात जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीला थेट न टेकवता. चाळीसगाव, जळगाव, भुसावळला रात्रीच्या गाडीनं पहाटे पोचेल असंच पाठवायला सांगा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांना सुरत मार्ग सोयीचा. दुपारी फलाटावर डबा पडून राहिला तर बाकी सगळं व्यर्थ.

पाण्याला सवय लावायला तास-दोन तास थेंब पद्धत. सेकंदाला २ ते ४ थेंब, पाणी दुप्पट झालं की अर्धं फेकून पुन्हा दुप्पट होईपर्यंत.

तापीकाठ

पांझराभाऊ, इथे मी वेगळं सांगेन. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या डस्टरला तुमची पद्धत बरोबर. पण रात्रभर पिशवीत असलेल्याला नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली, हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक रूपात येतो. त्या पाण्यात दोन तास ठेवणं म्हणजे त्याला विषात ठेवणं. म्हणून बंद पिशवी २० मिनिटं टँकवर तरंगती ठेवून तापमान जुळवा. विक्रेत्याला आधीच विचारून त्याची क्षारता माहीत करून घ्या आणि वेगळ्या बादलीत तेवढ्याच क्षारतेचं नवं पाणी तयार ठेवा. पिशवी उघडली की लगेच डस्टर त्या बादलीत हलवा. मग त्या स्वच्छ पाण्यातून थेंब पद्धत करा, तास दीड तास.

हलवताना हवेत उचलू नका. नळीत हवा शिरली की बुडबुडा अडकतो आणि किडा वर येऊ शकत नाही. पाण्याखाली वाटीत घ्या, वाटीसकट हलवा. चुकून हवा लागलीच तर नळी पाण्याखाली तोंड वर करून धरा आणि हळू डोलवा.

पांझरा

रात्रभराच्या पार्सलसाठी तुमचं मान्य. क्षारता आधी विचारून ठेवणं महत्त्वाचं, आपल्याकडचे बरेच विक्रेते माशांसाठी १.०२० वर ठेवतात. तिथून थेट १.०२५ नको.

अनेर

आणल्यावर आठवडाभरात पिसारा गळून तळाला पडलेला दिसला तर टाकून देऊ नका, हे आधीच सांगून ठेवते. प्रवासाचा ताण, तापमानाची उडी, खराब पाणी, कधी प्रजननाच्या वेळीसुद्धा डस्टर अख्खा पिसारा टाकतो. गळलेला पिसारा काढून टाका, तो कुजतो. नळी जागेवरच ठेवा, अमोनिया रोज मोजा. नळीच्या तोंडाशी पिपेटनं हळू पाणी सोडा, आत हालचाल दिसली तर जिवंत आहे. दोन-तीन आठवड्यांत नवा, आखूड, फिक्या रंगाचा पिसारा येतो. त्या दिवसांत त्याला नीट गाळता येत नाही म्हणून खाणं कमी प्रमाणात पण रोज द्या. पुन्हा पुन्हा पिसारा टाकत असेल आणि प्रत्येक नवा आधीपेक्षा लहान असेल, तर तो उपासाचा प्रश्न आहे.

नळी लिबलिबीत झाली, वास आला, किंवा किडा तळाला बाहेर पडून हलत नाही, तर लगेच काढा. एवढा मोठा किडा लहान टँकमध्ये कुजला तर मासेही जातात.

रावेर_केळीपट्टा

लोडशेडिंगचं काय करायचं? इकडं कधी कधी सलग चार-पाच तास.

पांझरा

इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर आणि एअर पंप घ्या. १० आणि ५ मिळून १५ वॉट, ८ तासांना १२० वॉट-तास. घरातल्या १५० एएच बॅटरीला हे जड नाही. चिलर, हीटर, दिवे इन्व्हर्टरवर नकोत. पृष्ठभाग हलता राहिला की ऑक्सिजन येत राहतो. रात्री गेली तर जास्त धोका, कारण तेव्हा शेवाळही ऑक्सिजन वापरतं. आणि हिवाळा विसरू नका, आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. १०० लिटरला १०० वॉटचा हीटर, २४.५ वर लावलेला.

भुसावळ_जंक्शन

दगडावर रंगीत, शंकूच्या आकाराचे जोडपिसारे असलेले किडे फोटोत बघितले. ख्रिसमस ट्री वर्म. ते घ्यावेत का?

तापीकाठ

नाही. तो सर्पुलिड जिवंत पोराइटिस प्रवाळात राहतो, प्रवाळ मेलं की त्याचंही फार दिवस चालत नाही. आणि प्रवाळभित्ती बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रातून तोडून आणलेला दगड बाळगणं गुन्हा आहे. कोणी ‘चालतं’ म्हणालं तरी घेऊ नका. टँकमधला दगडही मानवनिर्मित, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा घ्या. सिमेंटचा असेल तर पीएच खाली येईपर्यंत पाणी बदलत भिजवून ठेवा.

भुसावळ_जंक्शन

समजलं. शेवटचा एक. काचेवर २-३ मिलिमीटरची पांढरी गोल वेटोळी आलीत, आणि दगडावर कडक, टोकदार नळ्या. दोन्ही डस्टरचीच पिल्लं का?

अनेर

वेटोळी म्हणजे स्पायरॉर्बिड, सर्पुलिडांच्याच नात्यातले चिमुकले. भिंगातून बघा, इवलासा पिसारा दिसेल. निरुपद्रवी आहेत, उलट पाण्यात बारीक खाणं आहे याची ती खूण. काच घासताना काढा किंवा राहू द्या.

टोकदार नळ्यांचं रात्री टॉर्च लावून बघा. पिसारा नसेल आणि नळीच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा पसरत असेल, तर त्या व्हर्मेटिड गोगलगायी. तो धागा शेजारच्या डस्टरच्या पिसाऱ्यात अडकतो आणि त्याला पुरता उघडू देत नाही, शिवाय हिरवं पाणी द्यायला लागलात की त्यांचीही चंगळ. दगड बाहेर काढता येत असेल तर पक्कडीनं नळी मुळापासून मोडा. नाही तर तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब लावून बुजवा, नळीच्या आतपर्यंत जाईल असा. डस्टर आणायच्या आधी हे काम उरका.

भुसावळ_जंक्शन

आज रात्री टॉर्च लावून बघतो, ताई. धागा दिसला तर फोटो टाकतो.

अनेर

हो, टाका. लाल टॉर्च किंवा पांढऱ्यावर लाल जिलेटिन लावा, पांढऱ्या उजेडात त्या धागा आत ओढतात.